चौदा नंबरच्या डब्याची हवा

१

चौदा नंबरचा डबा बरा झाला होता, आणि नेमकी हीच गोष्ट दशरथ ओव्हाळांना पटत नव्हती.

सदाशिव पेठेत एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या मजल्यावर 'चित्रठेवा' ही संस्था आहे. पुण्यातल्या हौशी लोकांनी जुन्या काळी काढलेल्या फिल्म्स तिथे पत्र्याच्या एकशे बारा डब्यांत, थंड खोलीत जपून ठेवल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी साडेदहाला दशरथराव कोथरूडहून स्कूटरवर येत आणि या डब्यांची तब्येत तपासत. मानधन घेत नसत. चहा मात्र वेळेवर लागे.

जुनी फिल्म आजारी पडते म्हणजे तिच्यातून ॲसेटिक आम्लाची, म्हणजे साध्या भाषेत व्हिनेगरची, वाफ सुटू लागते. सुरुवातीला ही वाफ नाकालाही जाणवत नाही. पुढे डबा उघडताच डोळ्यांत पाणी येते. थंडाव्यात हा रोग मंदावतो, पण मागे कधीच फिरत नाही. दशरथरावांचा भरवसा नाकावर नव्हताच. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन त्यांनी चाळीस वर्षे एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात काढली होती, आणि त्यांचे नाक त्यांच्या आधीच सेवानिवृत्त झाले होते. त्यांचा विश्वास होता तो पेन्सिलीएवढ्या काचेच्या नळ्यांवर. नळीची दोन्ही टोके मोडायची, ती हातपंपाला लावायची, डब्याच्या झाकणातले रबरी बूच काढून तिथे नळीचे तोंड धरायचे आणि ठरलेले चार झटके द्यायचे. हवेत आम्ल असेल तर नळीतली जांभळी भुकटी टोकाकडून पिवळी होत जाते. पिवळा पट्टा जिथे थांबेल, तो रोगाचा आकडा.

चौदा नंबरचा आकडा गेली दोन वर्षे चारच्या आसपास होता. आज दशरथरावांनी झटके मोठ्याने मोजले, प्रत्येक झटक्यानंतर पूर्ण एक मिनिट थांबले, चष्मा वर करून पाहिले आणि नळी मैत्रीच्या हाती दिली.

मैत्री रणपिसे ही संस्थेची संग्रहपाल. सव्वीस वर्षांची, हडपसरची, हाताने हलकी आणि नोंदींना पक्की. तिची एक वर्षाची चाचणी मुदत येत्या शनिवारी संपत होती.

"काका, जांभळीच आहे," ती म्हणाली. "पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत."

"नळ्या शिळ्या असतील."

खरे तर तसे त्यांना वाटत नव्हते. पण शंका क्रमाने मारायच्या, अशी त्यांची शिस्त होती. मैत्रीच्या टेबलावर व्हिनेगरची एक छोटी बाटली याच कामासाठी असे. नवी नळी त्या बाटलीच्या तोंडावर धरताच निम्मी पिवळी झाली. म्हणजे नळ्या ठणठणीत होत्या. मग शेजारच्या नऊ नंबरच्या आजारी डब्यावर एक नळी लावली. तिथेही नेहमीचा आकडा आला. पंपही निर्दोष ठरला. उरला तो एकटा चौदा नंबरचा डबा, त्याच्यातली हवा आणि एक अशक्य गोष्ट.

"उघड," दशरथराव म्हणाले.

मैत्रीने झाकण काढले. आत रीळ होते. तिने त्याचे टोक हळूच दिव्यासमोर धरले. एक हात, दोन हात, चार हात फिल्म तिने उलगडली. तिच्यावर चित्रच नव्हते. भंगारच्या खोक्यातली कोरी पट्टी रिळावर नीट गुंडाळून ठेवली होती.

२

त्या डब्यातल्या खऱ्या फिल्मला शनिवारी मोठा मान मिळायचा होता. सन १९६९ मध्ये स्वारगेट ते हडपसर अशी महिलांची सायकल शर्यत झाली होती. एका हौशी डॉक्टरांनी ती नऊ मिनिटांच्या मूक फिल्मवर टिपली. पण धुऊन आणलेले रीळ त्यांनी जे डब्यात घातले ते कुणाला दाखवलेच नाही. त्यांच्या कुटुंबाने ते संस्थेला दिले. आता शुक्रवारी त्याची संगणकीय प्रत काढायची, शनिवारी ती पडद्यावर दाखवायची आणि त्या शर्यतीच्या विजेत्या पद्मजा पटवर्धन यांचा सत्कार करायचा, असे निमंत्रणपत्रिकेवर छापून झाले होते.

संस्थेचे सचिव आमोद गोडबोले धावत आले. आमोद पंचेचाळिशीचे, घरच्यांशीही मुद्दे क्रमाने मांडणारे गृहस्थ. त्यांनी कोरी पट्टी पाहिली, किल्ल्यांची वही मागवली आणि तीन मिनिटांत निष्कर्ष काढला. मागच्या तपासणीपासून या कपाटाची किल्ली चौघांच्या हाती गेली होती: स्वतः आमोद, माहितीपट करणारी स्पृहा, संस्थेच्या आजीव सदस्य पद्मजाबाई आणि अर्थातच मैत्री.

"पहिला मुद्दा," आमोद म्हणाले, "मी माझ्यावर संशय घेत नाही."

"सोयीचं आहे," दशरथराव म्हणाले.

"दुसरा मुद्दा. मैत्री, शर्यतीत दुसरी आलेली मुक्ता रणपिसे तुझी कोण?"

मैत्रीचा चेहरा उतरला. मुक्ता ही तिची आजी. ही गोष्ट तिने अर्जात लिहिली नव्हती, कारण अर्जात आजीचा रकाना नव्हता. मागच्याच महिन्यात तिने त्या फिल्ममधला आजीचा एक फोटो काढून घेण्याची परवानगी मागितली होती, आणि आमोदनी नियमावर बोट ठेवून ती नाकारली होती. म्हणजे हेतू तिचा, किल्ली तिची आणि डबाही तिच्याच ताब्यातला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत रीळ सापडले नाही तर तिची नेमणूक कायम होणार नाही आणि पोलिसांत तक्रार जाईल, असे आमोदनी सांगितले. आवाज त्यांनी चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागले.

दशरथराव एवढा वेळ झाकणाची आतली बाजू भिंगातून पाहत होते. डबा आतून स्वच्छ पुसलेला होता. पण झाकणाच्या कडेला तांबूस रंगाचा एक वाळलेला ओघळ होता आणि त्यावर पांढरे बारीक कण चमकत होते.

"गंज आहे तो," आमोद म्हणाले.

"असेल."

त्यांनी ओल्या कापसाच्या बोळ्याने तो ओघळ टिपला आणि बोळा एका उदबत्तीच्या रिकाम्या पुड्यात ठेवला. वापरलेल्या नळ्याही ते अशाच पुड्यांत तारीख घालून ठेवत. "मैत्री, झाकण काढलंस तेव्हा तुला काही वास आला का? माझ्याकडून त्या बाबतीत अपेक्षा ठेवू नकोस."

मैत्रीने आठवून पाहिले. "आला काका. पण व्हिनेगरसारखा झोंबणारा नव्हता. कसला तरी... स्वयंपाकघरातला."

३

स्पृहा नदीकाठच्या एका कॅफेत भेटली. तिने काहीही लपवले नाही. किंबहुना एवढे काहीही न लपवणारा माणूस दशरथरावांनी पाहिला नव्हता. ते फुटेज तिला तिच्या माहितीपटासाठी हवेच होते, आमोद सरांनी ते दिले नाही, त्यावरून तिचे त्यांच्याशी भांडण झाले, आणि किल्ली घेतली त्या दिवशी ती कपाटापाशी पाऊण तास एकटी होती, हे सगळे तिने कॉफी येण्याआधीच सांगून टाकले.

"सर, मी चोरलं असतं ना, तर आतापर्यंत टीझर टाकला असता," ती म्हणाली. "असलं फुटेज घरी ठेवून कोण बसतं?"

दशरथरावांनी खिशातली एक नळी काढून टेबलावर ठेवली. स्पृहाने ती उचलून फिरवून पाहिली.

"हे काय, होमिओपॅथी?"

डब्यांची हवा तपासली जाते, हे तिच्या गावीही नव्हते. दशरथरावांनी छोट्या वहीत नोंद केली: नळी ओळखत नाही, फिल्म जिवंत हवी.

आमोदकडे ते दुपारी परत गेले. आजारी रिळे जपण्यात अर्थ नाही, सगळा संग्रह मुंबईच्या एखाद्या मोठ्या संस्थेला द्यावा, असे मत आमोद वर्षभर मांडत होते. एखादे महत्त्वाचे रीळ इथेच मेले असते, तर त्यांचा मुद्दा आपोआप सिद्ध झाला असता. दशरथरावांनी हे त्यांना तोंडावर सांगितले. आमोदना राग आला नाही. मुद्दा व्यवस्थित मांडला गेल्याचे समाधानच त्यांच्या चेहऱ्यावर दिसले.

"तर्क चांगला आहे," ते म्हणाले. "पण शनिवारच्या पत्रिकेवर निमंत्रक म्हणून माझं नाव आहे. स्वतःच्याच कार्यक्रमाचा फज्जा उडवायला मी काही वेडा नाही. आणि ओव्हाळसाहेब, तुमच्या त्या व्हिनेगरच्या बाटलीच्या खरेदीवरसुद्धा माझीच सही आहे. फिल्म तपासायला सॅलडचं सामान कशाला, म्हणून तुम्हाला तेव्हा मी अर्धा तास विचारलं होतं. आठवतंय?"

दशरथरावांना आठवत होते. त्यांनी वहीत आणखी एक ओळ लिहिली. जिन्याकडे जाताना त्यांना मैत्री दिसली. ती एकशे बारा डब्यांची यादी नव्याने तपासत बसली होती. हात कामात होते, डोळे मात्र भरलेले होते.

"आजीने कधी काही सांगितलं त्या शर्यतीबद्दल?" त्यांनी विचारले.

"दुसरी आले, एवढंच सांगते. पुढे विचारलं की म्हणते, भाकरी थाप."

४

पद्मजाबाई पटवर्धन यांचे घर दोन गल्ल्या सोडून होते. बाई पंचाहत्तर वर्षांच्या, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. अजूनही नकाशासमोर उभ्या असल्यासारख्या ताठ. दशरथराव त्यांना बाईच म्हणत. मार्चमध्ये दशरथरावांनी संस्थेच्या सदस्यांसमोर 'फिल्मचे आजार' या विषयावर व्याख्यान दिले, तेव्हा पहिल्या रांगेत बसून टिपणे घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत होते. बाईंनी सरबत दिले. लालभडक, सुरेख दिसणारे, पण कोमट. बर्फ नाही, फ्रिज जरा नीट चालत नाही, असे त्या म्हणाल्या. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर गवार, दुधी आणि मेथीची जुडी ठेवली होती. मेथीने मान टाकली होती. स्वयंपाकघरातून फ्रिजची संथ, निरोगी घरघर ऐकू येत होती.

रीळ नाहीसे झाल्याचे दशरथरावांनी सांगितले, तशा बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मग त्यांनी विचारले, "नाहीसं झालं? म्हणजे खराब झालं नाही?"

"खराब झालं असतं तर नळी पिवळी झाली असती. ती जांभळीच राहिली, म्हणून तर डबा उघडला."

बाईंनी सरबताचा पेला उगाचच फिरवला. दशरथरावांनी शर्यतीची आठवण विचारली, तशी त्यांची कळी थोडी खुलली. स्वारगेटला ढोल कसे वाजत होते, नऊवारीचा काचा कसा मारला होता, पुलगेटपाशी कोण पडले आणि फातिमानगरला लोकांनी पाणी कसे दिले, हे सगळे त्यांनी गल्लीबोळासकट सांगितले. रामटेकडीचा चढ आला. आणि मग एकदम हडपसरची शेवटची दोरी आली, हार आला, कप आला.

आयुष्यभर झटके मोजलेल्या माणसाला मधला एक झटका चुकला की लगेच कळते. रामटेकडीचा चढ बाईंनी चढलाच नव्हता; त्या नुसत्याच पलीकडे उतरल्या होत्या.

"कप बघायला मिळेल?" त्यांनी विचारले.

"कुठेतरी आत असेल." शोकेसमध्ये शाळेने दिलेली सगळी मानचिन्हे घासूनपुसून मांडलेली होती. कप तेवढा नव्हता.

निघताना दशरथरावांनी सांगितले की आळ मैत्रीवर आला आहे आणि उद्या संध्याकाळी तक्रार होईल. बाईंनी दाराची कडी घट्ट धरली.

"त्या मुलीवर?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणार नाही इतका बारीक झाला. "कशावरून?"

"ती मुक्ता रणपिसेंची नात आहे, यावरून."

दार बंद झाले. पण दशरथराव जिन्याच्या पहिल्या वळणावर पोचेपर्यंत आतून कडी लागल्याचा आवाज आला नाही.

५

चंद्रभागाबाईंनी नवऱ्याचा उदबत्तीचा पुडा उघडला तो उदबत्ती लावायची म्हणून. आतून निघाला तांबूस बोळा.

"अहो, हे काय पुडक्यात भरून आणलंत?"

"पुरावा आहे. गंज असावा."

चंद्रभागाबाईंनी बोळा नाकाशी नेला. त्यांचे नाक उत्तम नोकरीत होते. "गंज कसला? आमसूल आहे. आमसुलाचं आगळ. त्या शेजारच्या जोशीवहिनी दरवर्षी कोकणातून आणतात ते. आपल्याकडे चिंच चालते म्हणून दर वर्षी ते मीच विहिणीला देऊन टाकते."

दशरथराव ताडकन उठले. नाकाची साक्ष ते मानत, पण एकट्या साक्षीवर निकाल देत नसत. त्यांनी वाटीत खाण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि बोळ्याचा कोपरा त्यात बुडवला. गंज असता तर तो तांबडाच राहिला असता. हा कोपरा आधी जांभळट झाला, मग निळसर आणि अखेर शेवाळासारखा हिरवा. आमसुलाचा रंग क्षारात असाच पालटतो. आणि ते पांढरे कण म्हणजे आगळात घालतात ते मीठ.

"फिल्मच्या डब्यात आमसूल कोण घालेल?" चंद्रभागाबाईंनी विचारले.

दशरथराव खुर्चीत परत बसले. प्रश्न अगदी बरोबर होता. ज्याला रीळ चोरायचे आहे तो ते चोरेल आणि जाईल. डबा आतून आंबटाने पुसत बसणार नाही. ही खटपट त्यालाच, ज्याला चोरी झाल्याचे कळूच द्यायचे नाही. डबा तपासला जावा, आत आंबट सापडावे, रीळ पार कुजले असे दशरथ ओव्हाळांनी स्वतःच जाहीर करावे आणि शनिवारचा कार्यक्रम गुपचूप रद्द व्हावा.

असे कोण करील? स्पृहा नाही, तिला तपासणीच माहीत नव्हती आणि रीळ मेलेले नको होते. आमोद नाही, व्हिनेगरच्या बाटलीच्या खरेदीवर त्यांची सही होती, ती कशाला लागते हे त्यांना ठाऊक होते. मैत्री तर मुळीच नाही, कारण ती बाटली तिच्याच टेबलावर होती. त्यातले चार थेंब डब्यात टाकले असते तर नळी पिवळी झाली असती आणि दशरथराव सपशेल फसले असते. नळीला काय लागते हे जाणणाऱ्याने आमसूल वापरले नसते. ते वापरणाऱ्याला एवढेच ठाऊक होते की आजारी रीळ आंबट होते.

आणि ते ठाऊक कुणी करून दिले? दशरथरावांनी कपाळावर हात मारला. मार्चच्या व्याख्यानात, लोकांना जड जाऊ नये म्हणून, ॲसेटिक आम्लाचे नावही न घेता ते म्हणाले होते: "रीळ आजारी पडलं की आंबट होतं, मग थंडी हेच त्याचं औषध." पण जिभेला आंबट ते सारेच हवेत उडत नाही. व्हिनेगरचे आम्ल उडते. लिंबाचे, चिंचेचे, आमसुलाचे जागचे हलत नाही. चाळीस वर्षे तांत्रिक काटेकोरपणा पाळून त्यांनी एकदाच सोपे बोलून पाहिले होते, आणि पहिल्या रांगेत कुणीतरी ते अक्षरशः टिपून घेतले होते.

थंडी हेच औषध. त्यांना मान टाकलेली मेथी आणि ते लालभडक सरबत आठवले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "वैशाखात भाजी फ्रिजबाहेर कोण ठेवतं?"

"ज्याच्या फ्रिजमध्ये जागा नाही तो," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि उदबत्ती शोधायला गेल्या.

६

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता दशरथराव मैत्रीला घेऊन पद्मजाबाईंकडे गेले. बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. त्यांनी मैत्रीकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले.

"पाणी आणते," त्या म्हणाल्या. "माठातलं चालेल ना?"

"पाणी नको, बाई. फ्रिजमधली थोडी हवा मिळाली तर बरं होईल."

दशरथरावांनी परवानगीची वाट पाहिली, आणि नकार आला नाही ही परवानगी समजून ते स्वयंपाकघरात गेले. फ्रिजमध्ये दूध, दह्याची वाटी आणि खाली भाजीचा बंद कप्पा होता. मैत्रीने नळीची दोन्ही टोके मोडून ती पंपाला लावली. दशरथरावांनी तिचे तोंड कप्प्याच्या फटीशी धरले.

"एक," ते म्हणाले.

"दही आंबलं असेल," बाई मागून म्हणाल्या.

"असेल. पण दह्याचं आम्लही आमसुलासारखंच बैठं असतं, बाई. चार झटक्यांत नळी पिवळी करण्याइतकं ते उडत नाही."

आमसुलाचे नाव ऐकताच बाईंनी दह्याची सबब सोडून दिली. घड्याळाने मिनिट मोजले. दोन. तीन. जांभळ्या भुकटीच्या टोकाला हळदीची चिमूट पडावी तसा पिवळा रंग आला आणि मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागला. पट्टा तीनच्या खुणेला टेकला.

"चौथा मारू नका," बाई म्हणाल्या.

त्यांनीच कप्पा ओढला. आत पोळ्यांचा स्टीलचा डबा होता. त्यात जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेले रीळ होते, एखाद्या तान्ह्या मुलासारखे.

मग बाई बोलल्या, उभ्या उभ्याच, आणि एकही वाक्य अर्धवट न सोडता. रामटेकडीच्या चढावर त्यांच्या सायकलची साखळी निघाली होती. त्या पहिल्या होत्या. मागून मुक्ता येत होती, भावाच्या दांडीवाल्या सायकलवर. तिला फक्त पुढे निघून जायचे होते. ती उतरली, तिने साखळी बसवली, हात पदराला पुसले आणि पद्मजाबाईंची सायकल ढकलून दिली. बाई दोनशे यार्डांनी जिंकल्या. टेकडीच्या कडेला डॉक्टर कॅमेरा घेऊन उभे असल्याचे त्यांनी पाहिले होते.

"कप हातात घेतला तेव्हा बोलायला हवं होतं. एकोणीस वर्षांची होते, नाही बोलले. मग दर वर्षी ते एकेका वर्षाने अवघड होत गेलं. वाटलं होतं, तुम्ही डबा तपासाल, रीळ गेलं म्हणाल आणि विषय संपेल. कुणावर आळ येईल हे मनातही आलं नाही. काल तुम्ही गेल्यापासून तीनदा फोन उचलला आणि तीनदा खाली ठेवला."

"मग रीळ फेकून का नाही दिलंत?" मैत्रीने विचारले. तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिथे असणे योग्यच होते.

"फेकायलाच आणलं होतं," बाई म्हणाल्या. "पण त्यात ती आहे ना. साखळी बसवताना. ते दुसरं कुणी पाहिलेलंच नाही."

फ्रिजचे दार उघडे राहिल्याने त्याने टिंग टिंग सुरू केले. दशरथरावांनी ते लावले.

"आमोदना मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "ते तुमचं काम. शोधून काढणं एवढंच माझ्याकडे असतं."

बाईंनी चौथ्यांदा फोन उचलला, आणि या वेळी तो खाली ठेवला नाही. पलीकडून आमोदचा पहिला मुद्दा ऐकू आला, दुसराही आला; तिसरा काही आला नाही. शेवटी बाईंनी फोन मैत्रीकडे दिला. मैत्रीने शांतपणे ऐकले, "ठीक आहे सर" असे म्हटले आणि दशरथरावांना सांगितले की आमोद सरांनी माफी मागितली, क्रमवार मागितली.

७

शनिवारी सभागृह भरले. हडपसरच्या प्रयोगशाळेतून प्रत दुपारीच आली होती. पहिल्या रांगेत पद्मजाबाई होत्या, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कप. आणि त्यांच्या शेजारी हडपसरहून नातीने आणलेल्या शहात्तर वर्षांच्या मुक्ताबाई. दोघींनी एकमेकींना तेवढा नमस्कार केला होता. मैत्री प्रक्षेपकापाशी उभी होती. तिच्या हाती सकाळीच कायम नेमणुकीचे पत्र पडले होते.

पडद्यावर ढोल निःशब्द वाजले, काचे मारलेल्या मुली निघाल्या. रामटेकडीचा चढ आला. एक मुलगी थांबली. दुसरी आली, उतरली, चाकापाशी वाकली. साखळी बसली. हात पदराला पुसले गेले. मग तिने समोरची सायकल दोन्ही हातांनी जोरात पुढे लोटली. सारे मिळून वीसएक सेकंद.

दिवे लागताच पद्मजाबाई उठल्या. घडले ते त्यांनी माईकशिवाय, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितले आणि कप मुक्ताबाईंपुढे धरला. छप्पन्न वर्षांत तो पार काळा पडला होता.

मुक्ताबाईंनी कप उलटसुलट करून पाहिला.

"ह्याला घासायचं कुणी?" त्या म्हणाल्या. "आन् मी काय तुला जिंकवाया थांबले न्हवते बाई. चढावर रस्ता ह्येवढासा. एका अंगाला बैलगाड्या, दुसऱ्या अंगाला चर. तू आपली मधोमध सायकल आडवी घालून रडत उभी. तुला हलवल्याबिगर मला वाटच न्हवती. म्हून साखळी बसवली, आन् म्हून ढकलली. जरा जोरात ढकलली गेली, ती माझी चूक हाय."

आधी मैत्री हसली. मग सभागृह हसले, आणि सगळ्यांत शेवटी, डोळे पुसत पुसत, पद्मजाबाई. छप्पन्न वर्षे फ्रिजमध्ये ठेवल्यासारखे काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावरून वितळले. मुक्ताबाईंनी कप अखेर घेतला. तो दोघींकडे सहा-सहा महिने राहील आणि घासायची पाळी मात्र पद्मजाबाईंची, असे जागच्या जागी ठरले.

चहाच्या वेळी बाई दशरथरावांपाशी आल्या. "ओव्हाळ, एक विचारू? मी नेमकं काय वापरायला हवं होतं?"

"ते मी सांगणार नाही, बाई. पुन्हा सोपं करून तर मुळीच नाही."

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी थंड खोलीत जाऊन चौदा नंबरचा डबा जागेवर ठेवला, बूच घट्ट बसवले आणि नोंदवही उघडली. या महिन्याच्या आकड्याचा रकाना अजून मोकळाच होता. शून्य लिहिणे खोटे ठरले असते. तीन लिहावे तर चौथा झटका मारलेला नव्हता. दशरथरावांनी थोडा विचार केला, रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेऱ्याच्या जागी आपल्या बारीक, सरळ अक्षरात लिहिले: रीळ या महिन्यात रजेवर होते. प्रकृती पूर्ववत.